तानसा : रानपिंगळ्यासाठी एक रविवार

रानपिंगळ्यासाठी रात्री टॉर्च घेऊन हिंडावं लागत नाही. घुबडांच्या कुळातला असूनही हा पक्षी दिवसा शिकार करतो, सकाळी बोलतो आणि थंडीत चक्क उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो. तरीही १८८४ ते १९९७ अशी ११३ वर्षं तो कुणाच्याही खात्रीच्या नोंदीत नव्हता. १९९७ साली तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सापडला. पुढे मेळघाटात बऱ्यापैकी संख्येने मिळाला, मध्य प्रदेशात आणि गुजरातेतही दिसला. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली आणि मुंबईकरांना एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर तो आला. जगात प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे, म्हणून ही सोय फार मोठी.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात केलेल्या या फेरीची हकिगत वेळेच्या क्रमाने लिहिली आहे. ओढे आणि पाडे यांची नावं आणि झाडांच्या नेमक्या जागा मुद्दामच दिलेल्या नाहीत. कारण पुढे येईलच.

शनिवार संध्याकाळ, शहापूर

जानेवारीत या भागात सूर्य साधारण सव्वासातला उगवतो. रानपिंगळा दिसण्याची खरी वेळ तिथून पुढचे अडीच तास. दहानंतर तो पानांत शिरतो आणि मग समोरच्या फांदीवर असला तरी दिसत नाही. त्यामुळे साडेसहा-पावणेसातला जंगलात असायलाच हवं. पहाटेची पहिली कसारा लोकल पकडून आटगावला उतरता येतं, पण तिथून तानसा बारा-तेरा किलोमीटर आहे आणि अंधारात रिक्षा शोधण्यात वेळ जातो. लोकलनेच जायचं असेल तर रिक्षा आदल्या दिवशी ठरवून ठेवावी. स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही. आम्ही शनिवारी रात्रीच शहापूरला मुक्काम केला. महामार्गालगतचं साधं लॉज, गरम पाण्याची बादली सांगून ठेवावी लागते, बाकी तक्रार नाही.

संध्याकाळची कामं तीन. वाटाड्याला फोन करून भेटायची जागा पक्की करणं, वनखात्याच्या प्रवेशाबद्दल त्याच्याकडूनच ताजी माहिती घेणं (माणशी शुल्क, गाडीचं आणि कॅमेऱ्याचं शुल्क वेगवेगळं लागतं आणि ते बदलत असतं, म्हणून सुटे पैसे आणि ओळखपत्र जवळ हवं), आणि मोबाइलवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवणं. जंगलात शिरलं की बऱ्याच ठिकाणी रेंज जाते.

सामानाबद्दल थोडं. दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरेशी आहे, किंबहुना १०×४२ पेक्षा बरी. सकाळच्या अपुऱ्या उजेडात तिच्यातून चित्र जास्त उजळ दिसतं आणि फांद्यांच्या जाळीत पक्षी पटकन सापडतो. शेंड्यावर बसलेल्या पक्ष्याचा गळा नीट बघायला गटात एखादा स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावर लावायची एका नळीची दुर्बीण) असला तर सोन्याहून पिवळं. फोटोसाठी ४०० मिलिमीटरच्या लेन्सखाली उतरू नये, कारण जवळ जायचं नाही हे आधीच ठरलेलं असतं. कपडे मातकट किंवा मळकट हिरवे. पँट गुळगुळीत कापडाची घालावी. लोकरीच्या आणि जाड सुती मोज्यांत या दिवसांतली वाळकी कुसळं अशी रुततात की परतल्यावर मोजे टाकूनच द्यावे लागतात. पहाटे कानटोपी लागते आणि अकरा वाजता शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात, तेव्हा एकावर एक थर असे कपडे बरे.

आणखी एक काम रात्रीच उरकावं : ओळखीची उजळणी. तानसात पिंगळे तीन प्रकारचे आहेत आणि रानपिंगळा बघून आल्याचं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण वेगळाच पिंगळा बघून आलेले असतात.

पहिला ठिपकेवाला पिंगळा, म्हणजे आपल्या गावच्या वडावर, पडक्या भिंतीत, लाइटच्या खांबावर दिसणारा. डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा, पांढऱ्या ठळक भुवया, मानेवर मागच्या बाजूला फिकट पट्टा, छातीपोटावर तपकिरी ठिपके. हा पाड्यांच्या आसपास सर्वत्र आहे आणि दिवसाही दिसतो, म्हणून सगळी गफलत त्याच्यावरूनच होते.

दुसरा जंगली पिंगळा. याच्या अंगभर, डोक्यावरसुद्धा, बारीक आडव्या रेघा असतात. डोकं गोल. ऐकू खूप येतो, दिसतो कमी.

तिसरा रानपिंगळा. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर, ठिपकेवाल्यापेक्षा किंचित मोठा, पण आकारावर विसंबू नये, झाडावर दोन सेंटिमीटरचा फरक कळत नाही. डोकं करडं-तपकिरी आणि जवळजवळ कोरं, ठिपके असलेच तर अगदी पुसट. गळ्याखाली छातीवर गडद तपकिरी रुंद पट्टा. त्याच्या खाली पोटाचा मधला भाग आणि शेपटीकडचा भाग स्वच्छ पांढरा, बाजूंना मात्र आडवे पट्टे. पंखांवर आणि शेपटीवर रुंद गडद-पांढरे पट्टे. चोच मोठी आणि पिवळी. पाय जाडजूड, बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले, नख्या शरीराच्या मानाने मोठ्या. एकच गोष्ट पाहायला मिळणार असेल तर छाती बघावी. ठिपकेवाल्याच्या छातीवर तपकिरी रंग तुटक तुटक विखुरलेला असतो, रानपिंगळ्याचा पट्टा भरीव असतो आणि खालचा पांढरा रंग एकदम सुरू होतो.

रविवार, पहाटे साडेपाच

महामार्गावरच्या टपरीवर चहा, बरोबर इडल्या बांधून घेतल्या. आटगावहून आत वळलं की वाहतूक संपते. थंडी बारा-तेरा अंशांची, ओढ्यांच्या खळग्यांत धुक्याचे पट्टे. रस्त्यावर रातवे बसलेले असतात, गाडीच्या उजेडात त्यांचे डोळे लाल चमकतात. वेग वीस-पंचवीसच्या आत ठेवावा, ते शेवटच्या क्षणी उडतात.

वाटाड्या ठरल्या जागी उभा होता. जवळच्याच पाड्यावरचा तिशीतला मुलगा, पावसाळ्यात भातशेती, हिवाळ्यात हे काम. पायांत रबरी चप्पल, अंगावर स्वेटर, गळ्यात कुणी तरी दिलेली जुनी दुर्बीण. पहिली सूचना त्याने गाडीतून उतरण्याआधीच दिली : "दार आपटू नका दादा. आणि मोबाइलवर आवाज लावायचा नाही, लावणार असाल तर मी येत नाही."

हा 'आवाज' म्हणजे रानपिंगळ्याची ध्वनिमुद्रित साद. जानेवारी-फेब्रुवारी हा जोडी जमण्याचा ऐन काळ. या दिवसांत नर मुद्रित आवाजाला लगेच उत्तर देतो, कारण त्याच्या लेखी तो हद्दीत घुसलेला दुसरा नर असतो. तो शिकार सोडून येतो, उघड्यावर बसून ओरडतो आणि शिक्र्यासारख्या शिकाऱ्याच्या नजरेस पडतो. एका रविवारी पाच गटांनी पाच वेळा आवाज लावला तर त्याची अख्खी सकाळ वाया जाते, आणि या पक्ष्याचा शिकारीचा वेळ मुळात सकाळचाच. वाटाड्याची अट म्हणूनच महत्त्वाची. अशी अट न घालणारा वाटाड्या भेटला तर आपणच घालावी.

पावणेसात, पहिला थांबा

जुना साग, मधे ऐन आणि धावडा, खाली कुडा. जानेवारीत सागाची पानगळ अर्ध्यावर आलेली असते. खाली पडलेल्या पानांवर पाऊल ठेवलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो, त्यामुळे बैलगाडीच्या चाकोरीतूनच चालायचं. शेंडे उघडे झालेले असतात हा या महिन्याचा फायदा. डिसेंबरपूर्वी पानं इतकी दाट असतात की पक्षी ऐकू येतो आणि दिसत नाही. मार्चमध्ये दृश्यता आणखी वाढते, पण उकाड्यामुळे सकाळ नऊलाच संपते, आणि तेव्हा बऱ्याच जोड्या घरट्यावर असल्याने त्यांच्या वाटेला न जाणंच बरं.

उजाडता उजाडता जंगली पिंगळ्याची सुरावट सुरू झाली. घोगरे, एकसारखे सूर, वेग वाढत जातो आणि मग एकदम थांबतो. ही ऐकून गटात हमखास कुणी तरी "तोच, तोच" म्हणतं. तो नव्हे. रानपिंगळ्याची साद लहान आणि मऊ असते, 'ऊ-वाव' अशी दोन तुकड्यांची, थोड्या थोड्या अंतराने येणारी. ती वाढत जात नाही. चिडला की तो कर्कश 'क्याक' असाही ओरडतो. ठिपकेवाल्याचं भांडखोर 'चिरुर्र-चिरुर्र' तर सर्वांच्या ओळखीचं.

सव्वासात झाले, साडेसात झाले, पण या उतारावर ऊन उतरेना. पूर्वेला टेकडीची सोंड आहे, तिच्यामागून सूर्य इथे पोहोचायला आठ वाजतात. थंडीच्या सकाळी ऊन शेकायला बसणारा पक्षी अशा सावलीत शोधण्यात अर्थ नाही. आदल्या संध्याकाळी नकाशावर पूर्वेकडे उघडे असलेले उतार पाहून ठेवले तर एवढा वेळ वाचतो. वाटाड्याचं गणित वेगळं होतं. त्याला ही जागा सादेसाठी हवी होती, कारण शांत खळग्यात लांबची सादही ऐकू येते. पश्चिमेकडून, ओढ्यापलीकडून, दोनदा 'ऊ-वाव' आली आणि त्याने दिशा पकडली.

वाटेत पाड्याजवळच्या चिंचेवर दोन ठिपकेवाले पिंगळे एकमेकांना खेटून बसले होते. उजळणीचा उपयोग इथे होतो. भुवया, डोक्यावरचे ठिपके, मानेचा पट्टा नीट बघून घ्यावा. तुलना डोळ्यांत ताजी असली की पुढे शंका उरत नाही.

पावणेआठ, ओढ्यापलीकडे

ओढा ओलांडताना खाजकुयलीचे वेल आहेत. सोनेरी-तपकिरी लवेच्या, इंग्रजी 'एस' सारख्या वळलेल्या शेंगा या दिवसांत वाळून लोंबत असतात आणि नुसत्या वाऱ्यानेही लव उडते. बांधलेल्या बाह्या, बंद कॉलर आणि मान खाली घालून जाणं एवढाच उपाय. लागलीच तर चोळायचं नाही, चोळलं की लव आणखी रुतते आणि पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढावी, मग पाण्याने धुवावं. पाड्यावरचे लोक शेण किंवा ओली माती लावून वाळू देतात आणि मग झटकतात, तत्त्व तेच. चिकटपट्टीची एक गुंडाळी पिशवीत असू द्यावी.

ओढ्यापलीकडे जंगल विरळ होतं. मधे शेताचा मोकळा तुकडा, कडेने मोह, कळंब, बिबळा आणि पानं झडलेली काटेसावर. रानपिंगळ्याला घनदाट रान लागत नाही, त्याला अशी विरळ छत्राची, कडेकडेची जागा आवडते. बसायला उंच फांदी, खाली उघडी जमीन, जवळपास ढोल्या असलेली जुनी झाडं. शिकारीचं तंत्र फांदीवर बसून वाट बघण्याचं असल्यामुळे खालची जमीन दिसायलाच हवी. जाळीदार झुडपांनी भरलेल्या रानात तो उपाशी राहील.

पूर्वेचं ऊन काटेसावरीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शावर पडलं होतं. वाटाड्याने बोट दाखवलं नाही, हनुवटीनेच खूण केली. हात वर करणं हीदेखील हालचालच असते.

सात पन्नासला, सुमारे बारा मीटर उंचीवर, खोडाला लागून असलेल्या जाड फांदीवर तो होता. पिसं फुगवलेली, पाठ उन्हाकडे. पाठमोऱ्या पक्ष्यावर खात्री करायची तर डोकं कोरं आहे का आणि शेपटीचे पट्टे रुंद आहेत का, एवढंच पाहता येतं. दोन्ही जुळत होतं, पण पाच-सात मिनिटं थांबणं शहाणपणाचं. तो वळला तेव्हा छातीचा भरीव तपकिरी पट्टा आणि खालचा पांढरा रंग स्कोपमध्ये स्वच्छ दिसला. पिवळी चोच त्या करड्या चेहऱ्यावर लांबूनही उठून दिसते.

अंतर अंदाजे तीस मीटर. तिथेच बसलो. जवळ जायचा मोह होतो, पण तीसवरून पंधरावर गेल्याने मिळतं ते एवढंच की पक्षी वर बघायचा सोडून आपल्याकडे बघू लागतो. मान ताठ करून, अंग चोपून तो बारीक झाला की समजावं, आपण नको तितके जवळ आलो. तेव्हा सावकाश दहा पावलं मागे.

आठ वाजून दहा मिनिटांनी तो खालच्या फांदीवर आला आणि शेपटी हलवायला लागला. डावी-उजवीकडे, झटकन, पुन्हा पुन्हा. ही शेपटीची सवय ओळखीला उपयोगी आहे आणि शिकार जवळ असल्याची खूणही. डोकं खाली-वर करून अंतर मोजणं, मग झेप. शेताच्या बांधावरून परतला तेव्हा नख्यांत सापसुरळी होती. त्याच्या आहाराच्या अभ्यासात सरडे आणि सापसुरळ्यांचा वाटा निम्म्याहून जास्त निघाला आहे, त्याखालोखाल उंदीर, शिवाय नाकतोडे, बेडूक आणि क्वचित लहान पक्षी. मोकळ्या बांधावर ऊन पडल्यावर सापसुरळ्या बाहेर येतात आणि त्याच सुमारास हा शेंड्यावरून खाली उतरतो. दोघांचं घड्याळ एकच आहे.

सापसुरळी त्याने लगेच खाल्ली नाही. ती चोचीत धरून ओढ्याच्या बाजूला उडाला आणि तिथून मऊ साद आली. नर मादीसाठी शिकार नेतो तो हा काळ. पलीकडे ढोली असण्याची शक्यता होती, म्हणून त्याच्या मागे गेलो नाही. वाटाड्याने गेल्या हंगामातली जागा माहीत असूनही दाखवली नाही, आणि आम्हीही विचारली नाही. दोन अंडी, महिनाभर ढोलीत वाढणारी पिल्लं, आणि सगळं काही पाच-सात मीटर उंचीवरच्या एका भोकात. माणसांची वर्दळ वाढली की मादी बाहेर पडायला कचरते. झाडांच्या नेमक्या जागा आणि ठिकाणांची नावं या लिखाणातून गाळली आहेत ती याचसाठी.

पावणेनऊला दुसऱ्यांदा सापडला तो पक्ष्यांच्या कलकलाटामुळे. एका ऐनाभोवती कोतवाल, बुलबुल, सुभग आणि नाचण असा सगळा गोतावळा ओरडत होता. लहान पक्षी घुबडाला दिवसा असं हैराण करतात, तेव्हा जंगलात कुठे असा मिश्र गोंगाट एकाच झाडावर होत असेल तर तिकडे दुर्बीण लावावी. कधी साप निघतो, कधी शिक्रा, कधी पिंगळा. इथे पिंगळा निघाला आणि तोही हाच. साडेनऊनंतर तो पानांत शिरला.

नावाची आणि लेबलाची गोष्ट

या पक्ष्याचा इतिहास जागेवर बसून आठवावा असा आहे, कारण तो चुकीच्या जागी शोधण्याचाच इतिहास आहे. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नमुना (भरून जपलेला पक्षी) एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमध्ये मिळवला होता, म्हणून शास्त्रीय नावात 'ब्लेविटी'. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ साली. एकूण नमुने सातच.

पण संग्रहालयात आणखी एक नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा. लेबल : मांडवी, तापीकाठ, १९१४. शोधणारे साहजिकच गुजरातेत तापीच्या काठाने शोधत राहिले. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांनाही तो मिळाला नाही. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुन्याची बारकाईने तपासणी केली तेव्हा उलगडा झाला. तो डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी एक होता, संग्रहालयातून उचललेला, उसवून पुन्हा भरलेला आणि खोटं लेबल लावलेला. खोटी नोंद बाजूला काढल्यावर जुन्या खऱ्या ठिकाणांकडे बघणं सोपं झालं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पाहून मग खानदेशात आले आणि २५ तारखेला शहाद्याजवळ, सकाळी, एका निष्पर्ण झाडावर त्यांना तो दिसला. डेव्हिडसनने जिथे नोंदवला होता त्याच मुलखात.

जुन्या पुस्तकांत याची प्रजाती, म्हणजे शास्त्रीय नावाचा पहिला भाग, 'हेटेरोग्लॉक्स' आहे, नव्या याद्यांत 'अथीनी', म्हणजे ठिपकेवाल्या पिंगळ्याचीच. जनुकीय अभ्यासानंतर २०१८ च्या सुमारास हा बदल झाला. २०१८ सालीच धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाला, कारण नवी ठिकाणं सापडत गेली. याचा अर्थ पक्षी वाढले असा नव्हे, शोधणारे वाढले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहेच.

दहा ते एक, पाड्यावर

जेवण आधी सांगून ठेवलेलं होतं. तांदळाची भाकरी, वालाच्या दाण्यांची आमटी, सुकटीची चटणी, कच्चा कांदा. शाकाहारी मंडळींना चटणीऐवजी लाल मिरचीचा ठेचा. पैसे माणशी आधी ठरवून घ्यावेत आणि घासाघीस करू नये.

जेवण वाढणाऱ्या मावशींनी गंमत सांगितली. पूर्वी घुबड ओरडलं की घरात कुणी तरी जाणार म्हणत, आता पिंगळा ओरडला की पाहुणे येणार म्हणतात. अंधश्रद्धेचा भाग मात्र गमतीचा नाही. घुबडाची पिसं, नख्या, डोळे जादूटोण्यासाठी विकले जातात, आणि मारणारा ठिपकेवाला की रानपिंगळा हे बघत नाही. इतर धोके साधे आणि रोजचे आहेत : जळणासाठी आणि शेतासाठी तोडलेली ढोलीची झाडं, उंदरांसाठी ठेवलेलं विष, आणि वणवे. फेब्रुवारीनंतर पाचोळा इतका सुकतो की विडीच्या थोटकाने डोंगर पेटतो. वणव्यात मोठं झाड वाचतं, पण सापसुरळ्या, बेडूक, उंदीर जातात आणि पिंगळ्याचा तो हंगाम कोरडा जातो. जंगलात विडी-सिगारेट पूर्ण बंद, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक चिंता मोठी आहे. मुंबईच्या पाण्यासाठी वाडा तालुक्यात ओगदे भागात प्रस्तावित असलेल्या गारगाई धरणात या अभयारण्याचं जंगल जाणार आहे. तानसाचं जंगल टिकलं ते मुळात मुंबईच्या तलावाचं पाणलोट क्षेत्र म्हणून. आता त्याच शहराच्या तहानेपायी त्यातला तुकडा पाण्याखाली जायचा आहे. पाड्यावर यावर प्रत्येकाचं मत आहे आणि ते ऐकण्यासारखं आहे.

दुपारी रान सुस्त असतं, पण आभाळाकडे लक्ष ठेवावं. ऊन तापल्यावर सर्पगरुड शिट्ट्या घालत वर चढतो. काटेसावर फुलायला लागली होती. तिच्यावर हळद्या, टोई पोपट, कोतवाल आणि मैना यांची ये-जा चालू होती, फोटोसाठी तेवढं एक झाड पुरे. फोटोतली जीपीएस नोंद मात्र घरी गेल्यावर नव्हे, कॅमेरा आणि मोबाइल पिशवीतून काढतानाच बंद करावी.

दोन वाजता, तलाव आणि परत

तानसा धरण १८९२ सालचं, दगडी, आजही चालू. बांधावर पक्षी फारसे नसतात, काठच्या उथळ भागात पाणकावळे, बगळे, एखादा खंड्या. अर्धा तास पुरतो. रानपिंगळा सकाळी दिसला नसेल तर दुपारी साडेचारनंतर पुन्हा एक संधी असते, तो सूर्यास्तापर्यंत थोडा वेळ उघड्यावर येतो. पण सकाळच्या मानाने ती फारच लहान असते, आणि अंधार पडायच्या आत जंगलाबाहेर पडायचं असल्याने तिच्यावर सहल आखू नये.

नोंद करताना चार गोष्टी लिहाव्यात : वेळ, झाडाची जात आणि बसण्याची उंची, काय करत होता, ऊन की सावली. 'रानपिंगळा, १' एवढ्या नोंदीचा पुढे कुणाला उपयोग होत नाही. फोटो जोडायचा तर छाती दिसणारा एक आणि डोक्याचा वरचा भाग दिसणारा एक, मग तो कितीही अंधुक असो. पिसांच्या सौंदर्याचा क्लोजअप ओळखीला कामाचा नाही.

लोकलने परतणाऱ्यांनी चारच्या आत आटगाव गाठावं. रविवारी संध्याकाळी माहुली किल्ल्यावरून परतणारे ट्रेकर आणि कसाऱ्याहून येणारी गर्दी एकाच गाडीत असते, आणि स्पॉटिंग स्कोपचा तिकाटणा घेऊन तिच्यात चढणं जिकिरीचं होतं. गाडीवाल्यांना भिवंडी वळणरस्त्यावर पाचनंतर तासभर जास्त धरावा लागतो.